एक्स्ट्रामध्ये काय धरायचं?

नकाशे शेकड्यांनी काढले, पण आठवतात ती समोरच्या खुर्चीतली माणसं. लिमये सरांच्या हडपसरच्या ऑफिसात मी बरीच वर्षं ड्रॉइंग बोर्डाशी बसले. घर बांधणारी माणसं भिंती, छप्पर, नळ इथपर्यंत अगदी व्यवहारानं बोलायची. मग 'एक्स्ट्रा'चा विषय निघाला, की आवाज हळू व्हायचा आणि नजर खिडकीबाहेर जायची.

सर पक्के पुणेरी. चष्मा पुसत विचारायचे, "हे नसेल तर घर पडेल का?"

पडणार नसायचं. तरी लोक ते करून घ्यायचेच.

तात्यांचंच बघा. जमीन विकून उरलेल्या तुकड्यावर बंगला बांधत होते. मुलांना कारंजं हवं होतं, फाटकावर सिंह हवे होते. तात्यांनी मागितलं एवढंच, की गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून एक कट्टा द्या. सरांनी विचारलं, समोर सगळ्या आयटी पार्कच्या काचा, तिथे बघायला आहे काय?

"तितं माजा ऊस हाय," तात्या म्हणाले.

'हुता' नाही, 'हाय'. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला कट्टा काढायला सांगितला. वास्तुशांतीला गेलो तेव्हा तात्या आणि काकू त्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसले होते. काकू काचांकडे बघत विचारत होत्या, "पानी पोचलं का वो टोकाला?"

एका इंजिनिअर नवराबायकोनं हौसेनं बाथटब बसवून घेतला होता. पाणी टँकरचं. वर्षभरानं नवरा आम्हाला तो कौतुकानं दाखवायला गेला, तर बाईसाहेब कोरड्या टबात उशी घेऊन पुस्तक वाचत पडल्या होत्या. घरात एवढी शांत जागा दुसरी नाही, म्हणाल्या.

सर म्हणाले, "म्हणजे नळ एक्स्ट्रा झाला."

कॅम्पातल्या घड्याळवाल्या शेखभाईंचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खाटेच्या बरोबर वर, छतात काच हवी होती. सरांनी बजावलं की पावसात गळेल. नवीन किचन की काच, असा प्रश्न आला तेव्हा शेखभाईंची बायको एवढंच म्हणाली, "किचन होईल नंतर."

काच गळलीच. सर माणसं घेऊन स्वतः गेले, मीही बरोबर होते. खाटेच्या पायथ्याशी पातेल्यात थेंब पडत होता. माणसं शिडी लावू लागली, तसा अब्बांनी हात वर केला.

"जरा थांबा. ढग चाललेत."

सरांनी खुर्ची ओढली आणि खाटेशेजारी बसून तेही वर बघायला लागले. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली.

आणि दातारबाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. कात्रजकडे दोन खोल्यांचं घर बांधत होत्या, सगळी पुंजी त्यातच. फॉल्स सीलिंग नको, कपाटं नकोत, गॅलरीसुद्धा नको म्हणाल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, दाराला दोन बेल हव्यात. एक नेहमीच्या उंचीवर, एक खाली, गुडघ्याच्या थोडी वर. आणि दोन्हींचा आवाज वेगळा.

सरांनी विचारलं, घरात लहान कोणी आहे का?

"नाही. पण कुणाचा हात पोचला नाही म्हणून परत जायला नको."

सरांनी या वेळी चष्मा पुसला नाही.

काही महिन्यांनी दार फुगलं म्हणून आम्ही बघायला गेलो. चहा पीत होतो तेवढ्यात बेल वाजली. "इस्त्रीवाला असेल," म्हणून बाई सावकाश उठल्या, कपडे घेऊन आल्या. थोड्या वेळानं दुसरीच बेल वाजली, चिमणीसारखी. बाईंनी कप खाली ठेवला, केस सारखे केले, पदर नीट केला आणि लगबगीनं गेल्या. दारातून कुजबुज आणि हसू ऐकू आलं. परत आल्या तेव्हा ओंजळीत चार हिरव्या चिंचा होत्या. त्या त्यांनी बशीत काढून आमच्यापुढे ठेवल्या.

आम्ही निघालो. बाईंनी दार लावून घेतलं. मी फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं, तर सर अजून दाराशीच होते. दुखरा गुडघा धरून ते हळूहळू वाकले आणि त्यांनी खालची बेल दाबली.

आतून आवाज आला, "आले रे, आले!"