भाज्याची टाकी आणि माझी साक्ष

तुम्ही विचाराल, साळवे, तुमच्यासारखा चार माणसांत वावरणारा माणूस, भर दुपारी दुसऱ्याच्या परसात संडासाची टाकी उकरून तिच्या काठावर "मी चोर आहे, माझ्यावर विश्वास ठेवा हो!" असं ओरडत उभा कसा राहिला? तर सांगतो. हसू नका अशी शपथ घालणार नाही, आम्हा ख्रिस्ती लोकांना शपथा घालायला आवडत नाही. हसा. फक्त हातातला कप आधी खाली ठेवा.

मी लोणावळ्यातला छोटा कंत्राटदार. बंगले वगैरे नाही बरं का! संडास, बाथरूम, टाक्या, कुंपणाच्या भिंती. ज्या कामाचे कुणी फोटो काढत नाही ती सगळी कामं माझी. धंदा लहान, पण नाव स्वच्छ. त्या नावाचा मला फार अभिमान! इतका, की रविवारी चर्चमध्ये मी तिसऱ्या बाकावर बसायचो. पहिल्यावर बसलं तर गर्व दिसतो ना, म्हणून.

एका रविवारी उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं.

"साळवे, पुढच्या रविवारची साक्ष तुमची."

साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आमच्याकडे महिन्यातून एकदा मंडळीतला कुणीतरी पुढे उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. आजारातून उठलेले सांगतात, दारू सोडलेले सांगतात. मला ना धड आजार, ना धड व्यसन!

"मी कशावर बोलू?"

"धंद्यातला प्रामाणिकपणा. कंत्राटदार असूनही नाव राखलेले तुम्हीच एक आहात आपल्यात."

त्यातला तो "असूनही" मला जरा टोचला, पण बाकीचं वाक्य इतकं गोड होतं की मी तेवढा गिळला.

गुरुवारपर्यंत पाच पानं लिहिली. काय लिहिलं म्हणता! वाचताना माझेच डोळे भरून यायचे. बायकोला वाचून दाखवली. रूथ मटार सोलत होती. पाचही पानं तिने शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "छान आहे. भाज्याच्या टाकीचं कुठल्या पानावर येतं?"

झालं!

आता टाकीचं सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी जवळच्याच भाजे गावातल्या आबांनी घरामागे चार खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, लेणी बघतात, पिठलं-भाकरी खातात, म्हणून. संडास आणि टाकीचं काम माझ्याकडे. ठरलं होतं तीन खणांची टाकी. पहिल्या खणात गाळ बसतो, दुसऱ्यात पाणी निवळतं, तिसऱ्यातून बाहेर पडतं. सरळ हिशेब. पण त्याच वेळी पवनानगरला धरणाकाठी तंबू लावणाऱ्या एका कॅम्पवाल्याचं काम आलं आणि तो रोज फोन करून माझा जीव खायला लागला. मग काय केलं या साळव्यांनी? आपला मिस्त्री सलीमभाई, त्याला हळूच बाजूला घेतलं आणि म्हटलं, "दोनच खण कर आणि वरून माती टाक. कोण बघतंय?"

कोण बघतंय! दर रविवारी देव सगळं बघतो म्हणून तोंड वर करून गाणी म्हणणारा माणूस हा!

वर आणखी मोठेपणा ऐका. विटा तीन खणांच्या येऊन पडल्या होत्या. म्हटलं, उरतील त्या आबांनाच राहू देत. म्हणजे फसवाफसवी करता करता दानधर्मही उरकला. मी पवनानगरला निघून गेलो, आठ दिवसांनी परत आलो तेव्हा टाकीवर सपाट माती होती. मी मातीकडे बघितलं, मातीने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. फक्त रूथपाशी एकदा बोलून गेलो होतो, आणि बायकांना नको त्या गोष्टी किती लक्षात राहतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"हे बघा," रूथ म्हणाली, "आधी आबांकडे जा, झालेलं सांगा, भरून द्या. मग उभे राहा देवापुढे. नाहीतर पाळकसाहेबांना सांगा की घसा बसलाय."

"घसा कुठे बसलाय?"

"मग जा."

आमच्याकडची शिकवणच तशी आहे. ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी आधी मिटवायचं, मग देवाच्या दारात जायचं. शुक्रवार मी दुसऱ्या एका कामाचं निमित्त काढून ढकलला. शनिवारी सकाळी मात्र निघालो भाज्याला. इतक्या वर्षांचं नाव आज मातीत जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आबा ओट्यावर बसून पाहुण्यांसाठी लसूण सोलत होते. चारी खोल्या भरलेल्या. मी समोर गेलो, हात जोडले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

आबांनी लसूण खाली ठेवला. "म्हंजी टाकी तुंबलीया व्हय?"

"नाही आबा, तुंबली नाही. पण एक खण कमी आहे. मी फसवलं तुम्हाला!"

"आरं पर चांगली चालतीय की! दोन असू द्या न्हाईतर तीन, मला काय तितं ऱ्हायला जायाचंय?"

"तुम्ही माफ केलंत हा तुमचा मोठेपणा. पण मी तिसरा खण बांधून देणार. आजच खणायला घेतो."

एवढं ऐकलं आणि आबांचे डोळे बारीक झाले. "हां! आत्ता आलं ध्यानात. धंदा बसलाय जनू. चांगली टाकी उकरायची न् नवं काम काडायचं! आमी काय येडं हाय व्हय?"

आता काय करावं माणसाने? खोटं बोललो तेव्हा दोन वर्षं कुणाला संशय आला नाही. खरं बोललो तर दोन मिनिटांत लबाड ठरलो!

मी आवाज चढवला. "फुकट करून देतो आबा! मी खरंच फसवलंय हो!"

हे "फसवलंय" मी जरा जोरात बोललो आणि ते कुंपणापलीकडे गेलं. शेजारच्या वहिनींची मोरी मीच बांधलेली. त्या ओल्या हातानेच धावत आल्या. "आमच्या मोरीत काय कमी क्येलं ते बी सांगा!" त्यांच्या मागून गोठ्याचा कोबा माझ्याकडून करून घेतलेले एक काका. मग भिंतवाले. अर्ध्या तासात माझी भाज्यातली सगळी गिऱ्हाइकं परसात जमली. कुणी म्हणे साळव्याने टाक्यांमधल्या सळया काढून नेल्या, कुणी म्हणे पोलीस मागावर आहेत म्हणून कबूल करतोय. तेवढ्यात लोणावळ्याहून स्कूटरवर पाळकसाहेबही आले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली? रूथने फोन केला होता, नवरा खचू नये म्हणून!

पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाले, "साळवे, अशी हिंमत मी कुणात पाहिली नाही."

बस्स! त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. आता मला नुसतं कबूल करून भागेना. आता मला पुरावा दाखवायचा होता!

टिकाव घेतला आणि सुटलो. टाकीवर मावशींनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, अळू लावलेला. काय अळू होता! एकेक पान परातीएवढं. का होतं ते विचारू नका.

"माजा आळू!" मावशी ओरडल्या. "आरं त्येला आवरा कुनीतरी! पावन्यास्नी आज वड्या करायच्यात!"

"मावशी, पापाच्या वर उगवलाय तो!" मी म्हटलं.

"दोन वर्सं खातूय आमी, कुनाचं पोट न्हाई दुकलं!"

पण मी थांबतोय कुठला? खोल्यांच्या गॅलरीत पुण्याचे पाहुणे मोबाइल घेऊन उभे. त्यातल्या एक मॅडम खाली वाकून विचारतात, "काका, हे पॅकेजमध्येच आहे का? आम्हाला पण खणायला मिळेल?"

पहिलं झाकण लागलं. घामाने शर्ट चिकटला होता. दुसरं झाकण लागलं. मी त्याच्या पुढची माती जरा पायाने सारखी केली, कंबर सरळ केली आणि भाषणाच्या थाटात हात पसरले. पाच पानं वाया जायला नकोत ना!

"मंडळी! नीट बघा. इथे, या जागेवर, तिसरं झाकण असायला हवं होतं. ते इथे नाही. का नाही? माझ्या लोभापायी नाही! माझ्या घाईपायी नाही! ही नुसती माती आहे, आणि तिच्याखाली माझा अप्रामाणिकपणा आहे!"

असं म्हणून मी पहार उचलली आणि त्या नसलेल्या झाकणाच्या जागी दाणकन मारली.

ठण्ण!

मी पुन्हा मारली, जरा हळू. ठण्ण.

आबा पुढे आले, हाताने माती सारली. खाली छान, चौकोनी, कडीचं झाकण. तिसरं!

"आन् ह्ये काय मग?" आबा म्हणाले.

"हे... हे नाहीये, आबा."

"न्हाई कसं? हात लावून बगा की!"

"असूच शकत नाही! मी दोनच सांगितले होते! मी चोर आहे हो, माझ्यावर विश्वास ठेवा!"

दोघांनी झाकण उचललं. मी आत डोकावलो, ज्या गोष्टीत शहाणा माणूस कधी डोकावत नाही. मधली भिंत सरळ, पाइप जागच्या जागी, तिसरा खण अगदी नियमाप्रमाणे बांधलेला. जाहिरातीत दाखवावा असा!

"चमत्कार झाला ग बाई," वहिनी पुटपुटल्या.

आता कबूलच करतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं! वाटलं, माझा पश्चात्ताप बघून देवाने स्वतः उतरून बांधून दिला असेल. साक्षीला केवढा विषय! मी पाळकसाहेबांकडे आशेने बघितलं. ते म्हणाले, "साळवे, आधी मिस्त्रीला फोन लावा."

लावला. आबांनी दम दिला म्हणून स्पीकरवर लावला.

"सलीमभाई, भाज्याच्या टाकीला खण किती आहेत?"

"तीन. का हो शेठ, तुंबली का?"

"अरे पण मी तुला दोन सांगितले होते!"

"हां, सांगितले होते. पण मला वाटलं, घाईत तुमच्या तोंडून चुकून गेलं. ठरले होते तीन, विटा आल्या होत्या तीनच्या. दोन दिवस जरा उशिरापर्यंत बसलो, झालं काम."

"अरे, मी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं! कोण बघतंय, असंसुद्धा म्हणालो होतो!"

"म्हणाला होतात. पण शेठ, तुम्ही दर रविवारी देवाच्या घरी जाणारी माणसं. तुम्ही असलं काम मुद्दाम कशाला सांगाल? म्हटलं, दमलाय बिचारा, त्याच्या बोलण्यावर काय जायचं!"

अहो, परसात पन्नास माणसं, आणि सगळ्यांनी फोनवरची नजर उचलून माझ्यावर ठेवली. मग मावशींना हसू फुटलं, त्यांच्या मागोमाग वहिनींना, आणि मग आबा असे हसले की त्यांना ओट्यावर नेऊन बसवावं लागलं. मॅडमनी वरून टाळ्या वाजवल्या. मला मात्र खरंच लाज वाटली. चोरी पकडली गेली असती तर एवढी वाटली नसती. माझ्याबद्दल इतका चांगला विचार करणारा माणूस दोन वर्षं माझ्या हाताखाली विटा लावत होता, आणि मी त्याच्यापुढे "कोण बघतंय" म्हणालो होतो. फोनवरच त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी कसली शेठ, अळू परत लावून द्या मावशींचा."

दुपार उतरेपर्यंत मी माती ढकलत आणि अळू लावत होतो. मॅडमनीही हौसेने अळूचे दोन कंद लावले.

रविवारी पाचही पानं घरी ठेवून गेलो. पाळकसाहेबांनी सलीमभाईला आग्रहाने बोलावलं होतं. तो पांढरा धुतलेला शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसला होता. मी पुढे उभा राहिलो आणि टाकीपासून स्पीकरपर्यंत जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणालो, "माझ्या धंद्यात प्रामाणिकपणा आहे. तो मागे बसलाय." सगळ्यांनी मान वळवून बघितलं. सलीमभाई लाजून बुटाची नाडी बांधायला लागला. पायात चपला होत्या.

उपासना संपल्यावर चर्चच्या कमिटीचे चिटणीस हसत हसत आले, मागे सगळी मंडळी.

"साळवे, तुमच्या साक्षीने आमची खात्री पटली. चर्चमागचे नवे संडास आणि टाकी, काम तुम्हालाच द्यायचं ठरलंय."

माझी छाती काय फुगली म्हणता! नाव वाचलं की हो माझं!

"फक्त एक अट आहे," चिटणीस म्हणाले.

"बोला ना, कुठलीही!"

"काम पूर्ण होईपर्यंत तुम्ही सलीमभाईला काहीही सांगायला जायचं नाही."

मी तोंड उघडायच्या आत, हे लेखी घ्या म्हणून पर्समधून पेन काढून दिलं ते रूथने.