झाडे निरंक

“खाले जीव शे, भाऊसाहेब.” नुकत्याच तोडलेल्या बुंध्यावर तळहात ठेवून आबा सांगायचे, खाली जीव आहे. ताप पाहावा तसा हात ठेवायचे आणि लवकर उचलायचे नाहीत.

मी साक्री तालुक्यातल्या त्या गावचा तलाठी. पहिल्यांदा गेलो तेव्हा आबा गायरानातला धावडा कुऱ्हाडीने जमिनीलगत कापत होते. मला धक्काच बसला. सरकारी जमिनीवर दिवसाढवळ्या वृक्षतोड, आणि तोडणारा मला म्हणतो, “या, बसा.” मी कायदा ऐकवला. त्यांनी चहा मागवला.

मग त्यांनी रान दाखवलं. पाच पट्टे. दर हिवाळ्यात एकच तोडायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. घाव तिरपा घालायचा, म्हणजे बुंध्यावर पाणी साचत नाही. फुटवे आले की दोन जोमदार ठेवायचे, बाकीचे खुडायचे. पाच वर्षांत ते दंडाएवढे होतात, तोवर पाळी फिरून पहिल्या पट्ट्यावर येते. आबांच्या बापाच्या वेळेपासून हेच चाललेलं. गावाचं सरपण, कुडाचे खांब, सगळं तिथलंच. शेळी आत शिरली तर आबा शेळीला काही बोलत नसत, मालकिणीचा मात्र उद्धार करत. त्यातून त्यांची सख्खी बहीणही सुटली नव्हती.

दोन वर्षांनी वरून कागद आला. गावातल्या मोकळ्या जमिनीची माहिती हवी होती आणि त्यात एक रकाना होता, ‘उभी झाडे’. आता तुम्हीच सांगा, मी काय लिहिणार? एका पट्ट्यात नुसते बुंधे, दुसऱ्यात गुडघाभर फुटवे, पलीकडे काठ्या. झाड म्हणावं असं काहीच नाही, आणि फुटव्यांना रकाना नव्हता. मी ‘निरंक’ लिहिलं, सही केली आणि जेवायला गेलो.

उन्हाळ्यात गावातून फोन आला. जाऊन पाहतो तर जेसीबी चाललेला. वृक्षलागवडीचे खड्डे घेत होते. नवी झाडं लावण्यासाठी जिवंत मुळं उपटत होते. बुंधे उलटे पडलेले, भर उन्हाळ्यात मुळ्या ओल्या. दुपारपर्यंत पाचही पट्टे संपले. मी थांबवा म्हणालो, तर ड्रायव्हरने माझ्याच सहीची झेरॉक्स दाखवली.

आबा बांधावर बसले होते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“भाऊसाहेब, तुम्ही तं देखेल व्हतं,” एवढंच म्हणाले.

“आबा, त्या कागदावर रकानाच...”

“हां. आते बठ्ठं निंघी गयं.” सगळंच गेलं होतं.

मी दुरुस्तीचा अहवाल पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. आबांनी त्या वाटेने जाणंच सोडलं.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्या गावात सरणासाठी लाकूड कधी विकत आणावं लागलं नव्हतं. आबांसाठी साक्रीच्या वखारीतून टेम्पो आला. लाकडं उतरवणाऱ्यांत मीही होतो. मला कुणी नको म्हटलं नाही.