आकारोआला स्टेशन कुठे आहे?

समजा, तुम्हाला फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायची आहे आणि अट एकच, न्यूझीलंडच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. काय कराल? सोपं आहे. क्राइस्टचर्चला विमानातून उतरा, भाड्याची गाडी घ्या, डोंगर चढा आणि उतरा. पोटात पुरेसं ढवळलं की आकारोआ आलं समजा. अठराशे चाळीस साली फ्रेंच लोक इथे वसाहत करायला आले, पण त्यांचं जहाज पोचेपर्यंत इंग्रजांनी झेंडा रोवून टाकला होता. आलोच आहोत तर राहू, म्हणून ते राहिले. त्यामुळे आजही इथल्या रस्त्यांना ‘रू’ म्हणतात. दीपगृह बघा, बोटीतून इवलेसे डॉल्फिन बघा, धक्क्यावर बसून क्रोसाँ खा. झाली फ्रान्सची सुट्टी.

हे सगळं मकरंदने न्यूझीलंडमधल्याच जॉन्सनव्हिलच्या आपल्या घरी आईला पटवून दिलं. वासंती मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, “तिथे फ्रेंच माणसं आहेत ना?”

“झेंडे आहेत की, आई.”

वासंती मॅडमनी पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात उभा जन्म फ्रेंच शिकवलं. फ्रेंचला मार्क पडतात हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांची मुलं पैकीच्या पैकी मार्क मिळवायची आणि इंजिनिअरिंगला गेली की ‘बाँझूर’सकट सगळं विसरायची. मॅडम स्वतः एका सरांकडून शिकल्या होत्या आणि ते सर पुस्तकातून शिकले होते. या सगळ्या साखळीत जिवंत फ्रेंच माणूस कुठेच नव्हता. पॅरिसची तिकिटं दोनदा काढली. एकदा नवऱ्याची, मधुकररावांची, बायपास निघाली, एकदा लॉकडाऊन. आता त्यांना एकच करायचं होतं. एका तरी खऱ्या फ्रेंच माणसाशी बोलायचं आणि त्याला कळतंय का ते बघायचं. नाही कळलं, तर आपण एवढी वर्षं शिकवलं ते नक्की काय होतं?

“आई, तुझं टेस्टिंग भरपूर झालंय,” आयटीतला मकरंद म्हणायचा, “प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, कधी गेलंच नाही.”

गाडी आकारोआत शिरली तेव्हा फोनच्या नकाशातली बाई म्हणाली, “टर्न लेफ्ट ऑन टू रू लव्हॉड.”

“लाव्हो!” मॅडम मागच्या सीटवरून ओरडल्या. “शेवटचा डी उच्चारायचा नसतो!”

“अगं, ती यंत्र आहे,” मधुकरराव म्हणाले. “तिला नापास करून काय मिळणार तुला?”

त्या दिवशी गावात फ्रेंच उत्सव होता. खांबाखांबावर निळे-पांढरे-तांबडे झेंडे, दुकानदारांच्या डोक्यावर चपट्या टोप्या, गळ्यात लाल रुमाल. मॅडमनी केस सारखे केले आणि बेकरीवाल्यासमोर उभ्या राहून, घसा खाकरल्यासारखा अस्सल ‘र’ लावून, दोन क्रोसाँ मागितले.

“सॉरी लव,” तो म्हणाला, “आय’म फ्रॉम टौरंगा.”

धिरडी विकणारा, ज्याच्या पाटीवर ‘क्रेप’ लिहिलं होतं, तोही न्यूझीलंडमधल्याच अप्पर हटचा निघाला. कोपऱ्यावरच्या डेअरीत मधुकरराव दूध आणायला गेले, मागोमाग मॅडमही. तिथल्या मुलाने टोपी घातली होती आणि चक्क मिशीही रंगवली होती. मॅडमनी आशेने “बाँझूर” म्हटलं. तो म्हणाला, “आंटीजी, सत श्री अकाल.”

“झालं तुझं फ्रान्स,” मधुकरराव म्हणाले. “पतियाळापर्यंत तर पोचलीस.”

तेवढ्यात उत्सवाच्या आयोजक शॅरनबाई धावत आल्या. बेकरीत त्या मॅडमच्या मागे रांगेत होत्या. फ्रेंच लोक बोटीतून किनाऱ्यावर उतरतात असं नाटक बारा वाजता होतं आणि दर वेळी कॅप्टन होणाऱ्या गृहस्थांची कंबर सकाळीच धरली होती. गावात दुसऱ्या कुणाला फ्रेंच येत नव्हतं. मॅडम कॅप्टन होतील का?

“आई, डोन्ट,” मकरंद म्हणाला.

मॅडम तोवर कोटात शिरल्या होत्या. सोनेरी बटणांचा निळा कोट, खाली पंजाबी ड्रेस, पायात मकरंदच्या जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला, कारण त्यांचे बूट ओले होऊ द्यायचे नव्हते. वर तिकोनी टोपी. शॅरनबाईंनी मिशी चिकटवली.

“शोभते हो,” मधुकरराव म्हणाले. “लग्नात लावायला हवी होती. मग मी तुझ्या वडिलांना घाबरलो नसतो, तुला घाबरलो असतो.”

“आता काय नाही घाबरत?”

बोट किनाऱ्याला लागली. शे-दोनशे लोक बघत होते. समोर लाल कोटातले इंग्रज झेंडा धरून हसत उभे. शॅरनबाईंनी माइक पुढे केला आणि मॅडमच्या लक्षात आलं की डोकं धुतल्यासारखं स्वच्छ झालंय. एवढे धडे, एवढी व्याकरणं, एक शब्द हाताला लागेना. मग तोंडून आपोआप पहिल्या धड्याचा संवाद बाहेर पडला.

“बाँझूर. झ मापेल वासंती.” मॅडमनी खड्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं, किनाऱ्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, “ऊ ए ला गार?”

म्हणजे, स्टेशन कुठे आहे?

आकारोआला स्टेशन नाही. कधीच नव्हतं. पण टाळ्या अशा वाजल्या की सीगल उडाले. एक इंग्रज ओरडला, “यू’र टू लेट, मेट!”

आणि गर्दीतून एक मुलगी धावत आली. पाठीवर भली मोठी सॅक, डोळ्यांत हसून हसून पाणी. तिने मॅडमचे दोन्ही गाल चुंबले, हात धरले आणि एका दमात एक लांबलचक वाक्य बोलली. गडगड करत गेलं ते. खरं फ्रेंच! मॅडमना त्यातला एकच शब्द कळला, ‘गार’. त्या म्हणाल्या, “वी.” म्हणजे हो. मुलगी थबकली, त्यांच्याकडे बघत राहिली, मग छातीवर हात ठेवून म्हणाली, “मेर्सी, मादाम,” आणि क्राइस्टचर्चच्या बसकडे पळाली. बस सुटली.

तिला आपलं बोलणं कळलं होतं का? की नुसती मिशी बघून हसत होती? आणि आपण ‘हो’ कशाला म्हणालो? मॅडमना उलगडेना.

मकरंदने व्हिडिओ काढला होता. त्यात वारा होता आणि वाऱ्यावर मधुकररावांचा आवाज, “अगं, मिशी सुटली! डावीकडची! मक्या, सांग तिला!” त्याखाली कुठेतरी त्या मुलीचं ते लांबलचक वाक्य.

आता जॉन्सनव्हिलला येईल त्याला मॅडम चहाआधी तो व्हिडिओ ऐकवतात. “हे वर्गात पहिल्या दिवशी शिकवायची मी,” त्या सांगतात. “फ्रेंचमध्ये मराठीसारखंच असतं. शब्द तेच ठेवायचे. शेवटी आवाज चढला तर प्रश्न, उतरला तर विधान. ‘तुम्ही फ्रेंच आहात?’ आणि ‘तुम्ही फ्रेंच आहात.’ एवढाच फरक.”

“अहो, वहिनी, काहीच ऐकू येत नाही,” पाहुणे म्हणतात.

“श्श. मिशीच्या नंतर. ‘सांग तिला’ संपलं की लगेच. हे बघा, इथे.” मॅडम फोन त्यांच्या कानाला लावतात. “शेवटी तिचा आवाज चढतोय, की तो वारा आहे?”