उष्टी मेल

तुमचा बाबा परदेशी गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आष्टीच्या घरी ठेवून गेला. जाताना त्याने आम्हा दोघांना मिळून एकच ई-मेल खातं उघडून दिलं. पासवर्ड मात्र तुमच्या आजोबांनी स्वतः ठेवला, आमच्या एका बैलाचं नाव. तो आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, बाबालासुद्धा नाही.

माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आले की मी मेल वाचत असे. आजोबा शेतावरून संध्याकाळी येत. न वाचलेल्या मेलची ओळ ठळक दिसते आणि एकदा उघडली की फिकी होते, एवढं त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं आणि ते रुसून बसले.

"पोराचं पत्र आधी तू उघडतीस आन् मला उष्टं देतीस व्हय?"

"अहो, पत्र आहे ते. भाकरी नाही."

"उष्टं ते उष्टंच. मलाबी कोरं पायजे, मास्तरीणबाई."

हे सगळं मी तुम्हाला इंग्रजीत लिहिणार होते, पण जन्मभर इंग्रजी शिकवूनही मला उष्ट्याला शब्द सापडला नाही. दुसऱ्याने तोंड लावून उरलेलं, ते उष्टं.

मग मी घरात नियम केला. वाचून झालं की मेल पुन्हा 'अनरीड' करून ठेवायची. जेवताना आजोबा मला बाबाची बातमी सांगत आणि मी ती पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवत असे. त्यांनाही ते कळत होतं. आम्हा दोघांना त्यात मजा वाटे.

शिक्षण झालं की परत येतो, असं बाबा त्याच्या दादांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, सांगून गेला होता. पुढे तिकडे नोकरी लागली, लग्न झालं, तुम्ही झालात. तरी 'येतो' हा शब्द सुटला नव्हता. त्या शब्दावर आजोबांनी गच्चीवर दोन खोल्या बांधायला काढल्या. तुमच्या खोलीच्या खिडकीला त्यांनी गज मुद्दाम कमी अंतरावर लावून घेतले, तुम्ही लहान म्हणून.

भिंतींना रंग लागत होता तेव्हा ती मेल आली. "आई, दादा, रागावू नका. आम्ही इथेच घर घेतलं आहे. आता परत येणं होणार नाही." मी ती वाचली आणि अनरीड केली. संध्याकाळी आजोबा कॉम्प्युटरपुढे बसून उठले.

"काही आलंय का?" मी विचारलं.

"काय न्हाई. जाहिराती हायत नुसत्या."

त्यांच्या नजरेतून सुटली असेल, असं मला वाटलं. रंग पुरा होऊ द्यावा, मग सांगू. रंग झाला, कूलर आला, मी काही सांगितलं नाही. नव्या मेल येत, ती ओळ खाली सरके, पण ठळकच राही. मी ती अधूनमधून उघडत असे आणि पुन्हा अनरीड करून ठेवत असे.

एकदा ती उघडी असतानाच लाइट गेली. ओळ फिकी राहिली असणार, या धास्तीत मी रात्र काढली, कारण लाइट आल्यावर आजोबा कॉम्प्युटरवर बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि पाहिलं. ओळ ठळक होती.

मी हात लावला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "वरच्या खोलीत अजून एक पंखा बसवू का? पोरांना लई उकडंल."

"बसवा," मी म्हणाले.

त्यानंतरही आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. आजोबा गेले तेव्हा बाबा एकटाच आला, खालीच झोपला, वर गेला नाही. आता त्या खोल्यांत कापूस भरलेला असतो.

ती मेल मी अजून वाचते. वाचून झाली की तशीच सोडते. दुसऱ्या दिवशी उघडून बघते, तर ती फिकीच असते.