डोंगर झाकू नये म्हणून

बुरुलचा नावाची बाई आमच्या काराकोल शहरातल्या पाणीमोजणी कचेरीत आली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. आधी ती शाळेत गणित शिकवायची. नवरा गेल्यावर वर्गात मन लागेना, म्हणून इकडे आली आणि कॉम्प्युटरला आज्ञा लिहून आलेख काढायला शिकली. आम्ही तिला एजे म्हणायचो, थोरल्या बहिणीला आमच्याकडे म्हणतात तसं.

वरच्या खोऱ्यात हिमनदीच्या पायथ्याचं तळं दर उन्हाळ्यात फुगत होतं. त्याचा दगडमातीचा काठ फुटला, तर पाणी थेट मेंढपाळ तुर्सुनालीच्या मेंढवाड्यावर येणार होतं. एजेने गावच्या सभेत आलेख दाखवला. पांढऱ्या कागदावर तळ्याच्या चढत्या पातळीची निळी रेष. म्हाताऱ्या तुर्सुनालीने चहाची वाटी खाली ठेवली.

"हे तुमच्या कचेरीतलं तळं दिसतंय, पोरी. आमचं असं नाही."

लोक हसले. परतताना जीपमध्ये एजेने तो आलेख पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाली, म्हातारा बरोबर बोलला.

दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा वर गेली आणि मेंढवाड्याच्या वाटेवरून तळ्याचा फोटो काढून आणला. पलीकडचा कडा सरळ उभा होता आणि त्याची उंची आम्ही मोजलेली होती. आलेखाची उभी मापं त्या कड्याशी जुळवायची, असं तिनं ठरवलं. पण आलेख फोटोवर ठेवला की पांढऱ्या पाटीखाली डोंगरच गायब. तिनं पार्श्वभूमी पारदर्शक करायची आज्ञा लिहिली. कडेचा पांढरा गेला, मधली चौकट तशीच राहिली. एक पार्श्वभूमी अख्ख्या चित्रामागे असते, दुसरी अक्षांच्या आत. दोन्ही काढाव्या लागतात. त्या काढल्या, तर मी चित्र जेपीजीत साठवलं आणि सगळं काळं करून ठेवलं. त्या प्रकारात पारदर्शकपणा टिकतच नाही. एजेने ते पीएनजीत साठवलं. मग काळे आकडे काळ्या खडकात हरवले, ते तिनं पांढरे केले.

मी म्हटलं, रेष जरा वर ओढू या, म्हातारा घाबरेल तरी.

"घाबरून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसतो," ती म्हणाली. "आहे तेवढंच दाखवायचं."

या वेळी सभेत भिंतीवर तळंच दिसत होतं आणि त्याच्या कड्यावरून वर्षावर्षाची रेष चढत होती. तुर्सुनाली उठून भिंतीजवळ गेला. कड्यातल्या एका कपारीवर त्यानं बोट ठेवलं.

"इथं गिधाडाचं घरटं होतं. मी लहानपणी खालून दगड मारायचो." मग हळूच विचारलं, "पाणी इथवर आलं?"

"मागच्या उन्हाळ्यात, आता," एजे म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे 'आता' म्हणतात.

त्यानं वाडा वरच्या टेकाडावर हलवला. कुरकुरतच हलवला. त्या उन्हाळ्यात काहीच झालं नाही. बाजारात एजे दिसली की तो विचारायचा, "काय पोरी, तुझं पाणी वाट चुकलं का?" ती म्हणायची, चुकू दे की.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी काठ फुटला. वाड्याच्या जुन्या जागेवर घराएवढ्या उंचीचे धोंडे येऊन पडले. तुर्सुनालीने फोन केला. माणसं, मेंढ्या सगळी ठीक होती. एजेने खुर्चीत पाठ टेकली, डोळे पुसले आणि तळ्याची नवी पातळी मागवली. आलेखाचा अक्ष तिला खाली वाढवावा लागला. एवढ्या वर्षांत रेष पहिल्यांदाच उतरत होती.