दहावीला बसलेले मामा

दहावीला सात वर्षं बसून सातही वर्षं नापास झालेला आणि तरीही आमच्या पट्टीतला सर्वांत हुशार माणूस म्हणजे माझ्या वहिनीचे मामा. हे मी कुठल्याही सभेत, माईक असो नसो, उभं राहून सांगेन. गैरसमज नको. मॅट्रिक ते पहिल्या झटक्यात पास झाले होते. ही दहावी म्हणजे दहावी गोळी. फौजेतून गुडघा दुखावून परतलेले मामा बेलापूरजवळच्या मिठागराच्या कचेरीत कारकून होते आणि ठाण्याकडच्या एका रायफल क्लबचे सभासद होते. क्लबात दर थंडीत हजार यार्डांवरून नेमबाजीची स्पर्धा व्हायची. हजार यार्ड म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. दहा गोळ्या मारायच्या आणि मामांचा हट्ट असा, की दहाच्या दहा काळ्या वर्तुळात गेल्या पाहिजेत. नऊ जायच्या. दहावी बाहेर. शाळेतली नवी दहावी तेव्हा घराघरात रडारड करत होती, त्यामुळे आमच्या करावे गावाच्या नाक्यावर दर वर्षी स्वागत ठरलेलं. "काय मामा, निकाल?" "नापास रं," सायकलवरून न उतरता मामा सांगायचे.

मी त्या काळात जमीन संपादनाच्या विरोधात पत्रकं लिहायचो आणि मला हा शौक म्हणजे सरळ गुन्हा वाटायचा. इथे एका नोटिशीनं गावाची शेती जातेय आणि हे गृहस्थ डोंगरात गोळ्या रुतवतायत! एका काडतुसाच्या पैशांत आमची शंभर पत्रकं निघाली असती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मामींनी लगेच पाठिंबा दिला. "त्या टारगेटामागचा डोंगर खना कोनीतरी. माज्या पाटल्या निघतील." मामा शांत. ते नेहमीच शांत, कारण चाप अर्धा श्वास सोडून ओढायचा असतो आणि मामांनी तोच नियम बोलण्यालाही लावला होता. कालवणात मीठ बरोबर आहे का, असं मामींनी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत ताटं उचलली जावीत. स्पर्धेआधी पंधरा दिवस चहा बंद. चहानं नाडी उडते, नाडीनं नळी हलते आणि इथे केसभर हललेली नळी तिकडे हातभर चुकते. सोनाराचा काटा मागून आणून ते क्लबात काडतूस न् काडतूस जोखायचे आणि निम्मी नापास करायचे. नापास करण्यात मामांनी स्वतःलाही कधी सवलत दिली नाही.

रायफल क्लबाची, तिथेच कुलपात असायची. मग उरलेलं वर्ष काय करायचं? मामांनी मोरा बंदरातल्या एका होडीवाल्या सुताराकडून सागाच्या उरलेल्या फळीची लाकडी बंदूक करून घेतली होती. अगदी तेवढ्याच वजनाची. ती घेऊन रोज संध्याकाळी ते मिठागराच्या बांधावर पालथे पडायचे. समोर, मोजून हजार यार्डांवर, मिठाच्या गोदामाच्या भिंतीवर त्यांनी डांबराचं वर्तुळ काढलेलं. तिथून ते मोहरीएवढं दिसायचं. "बंदूक काय, कोनीबी धरतो," ते म्हणायचे. "शिकायचा तो वारा. गोळी पोचायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात बारकी झुळूक तिला मानूसभर बाजूला नेते. आनि वारा इथं एक असतो, मधे दुसरा, टारगेटापाशी तिसरा." त्यामुळे मामा जगात दुसरं काही बघतच नसत. सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेपट्या, लाँचचा धूर, मामींचं दोरीवरचं लुगडं, सगळं वाऱ्याचं. एका लग्नात अक्षता पडताना ते माझ्या कानात पुटपुटले, "उजवीकडून हाय. नवरीकडच्यांनी जरा उजवीकडं टाकायला पायजे."

आमच्या समितीनं निषेध म्हणून त्या बांधावर झेंडे रोवले, त्या संध्याकाळी मामा धावत आले. मला वाटलं, अखेर माणूस चळवळीत आला!

"पुढारी, शंभर-शंभर यार्डांवर लाव रं! आनि हे जाडं कापड खोटं बोलतं. मलमल लाव."

"मामा, हे निषेधाचे झेंडे आहेत!"

"आसू दे ना. पन आदी वाऱ्याला तरी कळू दे."

मी संतापलो, आणि दुसऱ्या दिवशी मलमल लावली. दिसायला खरंच चांगली दिसली. मग त्यांनी माझं पत्रक मागून घेतलं, अर्धा श्वास सोडला आणि म्हणाले, "अकरा उद्गारचिन्हं. येवड्या गोळ्या झाडल्यास, टारगेट कुटं हाय?" मला राग आला, कारण पत्रकात शासन होतं, भांडवलदार होते, इतिहास होता, फक्त आमच्या बांधाचा सर्व्हे नंबर नव्हता.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर बांधावर भरावाची नोटीस लागली. उन्हाळ्यात माती पडणार होती. हजार यार्डांची मोकळी, सपाट जागा मामांना सरावाला पुन्हा कुठे मिळणार? म्हणजे त्या थंडीची दहावी शेवटची. मी पिशवी आणि दुर्बीण धरायला बरोबर गेलो. मामांनी नऊ गोळ्या मारल्या आणि नऊही काळ्यात! दहावी भरली आणि वारा फिरला. वाऱ्यासाठी लावलेलं जवळचं निशाण डावीकडे, मधलं उजवीकडे, लांबचं मेल्यासारखं लोंबतंय. मामा थांबले. पंच घड्याळ बघत होते. आजूबाजूच्या सगळ्यांच्या गोळ्या संपल्या.

"मामा, मारा!" मी दात आवळून म्हणालो. "लागेल!"

मामांनी अर्धा श्वास सोडला, बोल्ट मागे ओढला, काडतूस काढलं, रुमालानं पुसलं आणि पंचांच्या हातात दिलं. "परत घ्या. वापरलेली नाय."

परतताना मी वाटभर भांडलो. एवढा खर्च, एवढी वर्षं, आणि शेवटची गोळी मारायचीच नाही? मामा म्हणाले, "अंदाजानंच मारायची होती, तर नऊ येवड्या कशाला जपून मारल्या?"

नाक्यावर नेहमीची मंडळी उभी होतीच. "काय मामा, नापास?"

"नाय," मामा या वेळी सायकलवरून उतरले. "गैरहजर."

उन्हाळ्यात डंपर आले. झेंडे उपटून त्यांनी एका कडेला रचले आणि डांबराचं वर्तुळ भिंतीसकट गेलं. मी त्यावर पत्रक लिहिलं. त्यात सर्व्हे नंबर होता आणि उद्गारचिन्ह एकच होतं. माती थांबली नाही. पण ते पत्रक जमीन संपादनाच्या कचेरीतल्या साहेबानं दोनदा वाचलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या ढिगातला मलमलीचा एक झेंडा मामांनी घरी आणून गच्चीवर बांधलाय. आता मिठागराच्या जागी चार-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्यात. वारा त्यांच्या मधून वाट काढत फाटून येतो आणि झेंड्याला क्षणभरही एक दिशा धरता येत नाही. मी जातो तेव्हा मामा तिथेच खुर्ची टाकून बसलेले असतात, मांडीवर ती लाकडी बंदूक.

"मामा, दहावीचं काय?"

ते झेंड्याकडे बघतात, अर्धा श्वास सोडतात.

"बसनार हाय," म्हणतात. "त्याचं येक मत होऊ दे."