हणमंताची पारख

बातमी आली तेव्हा मी नववीचे मराठीचे पेपर तपासत होतो. एप्रिल संपत आला होता. शाळेत आम्ही चार-पाच शिक्षकच होतो आणि हेडमास्तरांच्या खोलीतला फोन बराच वेळ वाजत राहिला होता. मग शिपाई दारात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, सांगलीचा फोन हाय. आपला हणमंत गेला." मी हातातला पेपर पुरा तपासला, गुण मांडले, सही केली आणि मग उठलो. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही. फोनवर त्याच्या सांगलीच्या कॉलेजचे एक प्राध्यापक होते. त्यांनी सांगितलं ते एवढंच... सकाळचा बास्केटबॉलचा सराव चालू होता. बोर्डाखाली उडी मारून हणमंताने चेंडू घेतला, दोन्ही पायांवर नीट खाली आला, चेंडू शेजारच्या मुलाच्या हातात दिला आणि म्हणाला, "पाठीत कायतरी फाटल्यागत झालं." मग तो मैदानावरच बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला विसावं वर्ष चालू होतं.

याला सात आठवडे झाले. या काळात साताऱ्यात हणमंताबद्दल सगळे चांगलंच बोलले. पण त्याबरोबर दुसरंही एक बोललं गेलं, चहाच्या दुकानात, शाळेच्या मैदानावर, आणि एकदा तर माझ्याच घरी. "सुभेदारांचं तोंड लागलं पोराला." हणमंत खेळायच्या लायकीचा नाही, असं दोन वर्षांपूर्वी आमचे व्यायामशिक्षक सुभेदार उघडपणे म्हणाले होते. ते लोक विसरलेले नाहीत. हणमंताविषयी लिहायचं तर ही गोष्ट मला टाळता येणार नाही, कारण तिच्यातला एक भाग फक्त मला ठाऊक होता.

हणमंत आमच्या शाळेत आला तो बहात्तरच्या दुष्काळात. गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, वडील नव्हते, मागे एक लहान भाऊ. मामाने त्याला आणून बोर्डिंगात ठेवलं. नववीतला मुलगा, पण वर्गाच्या दारातून वाकून आत यायचा. चष्म्याच्या काचा जाड, आणि चष्मा घसरू नये म्हणून मागून सुतळी बांधलेली. मुलं त्याला विचारायची, "वर ढग दिसतंय का रं, हनम्या?" तो शांतपणे मान वर करून म्हणायचा, "एक दिसतंय. पर ते बी कोरेगावाकडं निघालंय." पहिल्या महिन्यातच मुलांनी त्याला छळायचं सोडून दिलं. छळण्यात मजा उरत नव्हती.

शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं. हणमंत मधल्या सुट्टीत तिथे यायचा आणि पुस्तक नाकाजवळ धरून वाचत बसायचा. एके दिवशी मी त्याला सगळ्यात वरच्या फळीवरचा शब्दकोश काढायला सांगितलं. तेवढ्यात सुभेदार वर्तमानपत्र घ्यायला आत आले. पलटणीत वीस वर्षं काढून आलेला माणूस, बोलायचा तो हुकमासारखाच. कपाटाआड फक्त हणमंताचं डोकं आणि हात दिसत होता. सुभेदार ओरडले, "ए, स्टुलावर चढून पुस्तकं काढतोस? पडशील. खाली उतर!"

"खालीच हाय, सर," हणमंत म्हणाला.

सुभेदार कपाटाला वळसा घालून गेले आणि बघतच राहिले. मग त्यांनी त्याला माझ्या देखतच हाताला धरून नेलं.

सुभेदारांची पारखण्याची एक रीत होती. पलटणीत ते बास्केटबॉल शिकले होते, पण त्यांची नजर शेतकऱ्याची होती. त्यांच्या घरी तीन पिढ्या खिलार बैल होते आणि बाजारात खोंड घ्यायला गावचे लोक त्यांच्या वडिलांना बरोबर नेत असत. सुभेदारही मुलाकडे तसंच बघत. खेळाच्या सामानाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर खडूची रेघ ओढायची, मग दोन्ही हात पसरायला लावून बोटांच्या टोकांशी रेघा ओढायच्या आणि दोरीने दोन्ही मापं ताडून बघायची. मग पावलं बघायची, मनगट बघायचं, बोटं मागे वळवून बघायची. हणमंताचे पसरलेले हात त्याच्या उंचीपेक्षा चांगले चार बोटं जास्त भरले. बोटं मागे कोवळ्या फांदीसारखी वळली. सुभेदारांनी दोरी पुन्हा लावली, पुन्हा तेच. संध्याकाळी ते माझ्या घरी आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

"मास्तर, खरा माणदेशी खोंड हाय. लांब हाड, पातळ कातडं, हलकं पाऊल. अजून दोन वर्षं वाढंल. असा सेंटर मी पलटणीत बी बघितला न्हाई."

सेंटर म्हणजे बोर्डाखाली उभा राहणारा खेळाडू, एवढं मला तेव्हाच समजलं. सुभेदारांनी पहिले सहा महिने त्याला उडी मारू दिली नाही. नुसते पाय. मागे, पुढे, वळ, थांब. मधल्या सुट्टीत चेंडू डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. मुलं हसायची, "देवीची परडी निघाली रं!" तेव्हा हणमंत चालता चालता म्हणायचा, "जोगवा टाका की मग." पण सातव्या महिन्यात त्याने पहिल्यांदा चेंडू हवेत पकडला तेव्हा कोणी हसलं नाही. तो उडाल्यासारखा वाटलाच नाही. इतर मुलं खाली येत होती तेव्हा तो अजून वरच होता... दहावीच्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळा आमच्याशी खेळायला कचरू लागल्या आणि सुभेदारांची पारख गावभर गाजली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका निवड शिबिरासाठी आईची परवानगी हवी होती. सुभेदार मला म्हणाले, "तुमी चला. मला बायामाणसांशी नीट बोलता येत न्हाई." आम्ही एसटीने दहिवडीला गेलो आणि पुढे हणमंताबरोबर चालत त्याच्या गावी. उघडे माळ, मेंढरं, आणि उन्हात लांबून दिसणारी पाच-सहा घरं. आईने बिनदुधाचा चहा केला. सुभेदार खुशीत होते. म्हणाले, "वैनी, पोरगं नाव काढणार बघा. ही उंची कुणाची?"

"बाची," ती म्हणाली. "ते बी असंच. घरात येताना रोज डोकं आपटायचे. बोटं बी अशीच लांब. मुंबईला गोदीत होते. चौतिसावं सरलं न्हवतं... जेवायला बसले आन् बसल्या जागी गेले. कवा आजारी न्हवते बघा. सासरे बी असंच गेले म्हणत्यात, मी काय त्यांना बघितलं न्हाई."

सुभेदारांनी चहाची बशी खाली ठेवली. पुन्हा उचलली नाही.

थोड्या वेळाने ते हणमंताला अंगणात घेऊन गेले. मी दारातून बघत होतो. त्यांनी त्याला अंगठा मुठीत धरायला लावला. हणमंताने मूठ आवळली, तर अंगठ्याचं टोक करंगळीच्या पलीकडे बाहेर आलं. सुभेदारांनी दुसरी मूठ आवळायला लावली. तेच. हणमंत हसत म्हणाला, "सर, आता आणि काय मापायचं राह्यलं?" सुभेदार हसले नाहीत.

 परतीच्या गाडीत ते म्हणाले, "पलटणीत एक पोरगा होता. पंजाबकडचा. आसाच उंच, आशीच बोटं. खेळता खेळता पडला तो उठलाच न्हाई. डागदर म्हणाला, ही एक जात असती माणसांची. हात उंचीपेक्षा लांब, अंगठा मुठीबाहेर, नजर कच्ची. काळजापासची मोठी शीर कच्ची असती त्यांची. मला तवाच ठाऊक झालं हुतं, मास्तर. आन् मी दोरी लावून तेच मापलं आन् नाचलो." मग ते म्हणाले, "खोंड घेताना आमचा बा आधी वळू कोण ते इचारायचा. मी न्हाई इचारलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हणमंताला मैदानावर येऊ दिलं नाही. साताऱ्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळी लावली, पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, "काही नाही. हाडकुळा आहे, अंडी-दूध खाऊ घाला." सुभेदारांना त्याला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. हणमंत तयार झाला नाही. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणून तो त्यांच्यासमोरून निघून गेला. त्याने उलट उत्तर दिलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. लोकांना कारण कळेना. कोणी म्हणालं, पोरगं गुरूच्या वर जायला लागलं म्हणून पोटात दुखतंय. चिडून एकदा सुभेदार चारचौघांत बोलून गेले, "तो खेळायच्या लायकीचा न्हाई, म्हणून सांगतो!" लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

हणमंत मात्र रोज ग्रंथालयात येऊन बसत होता. पुस्तक उघडं असायचं, पान उलटत नसे. एकदा त्याने विचारलं, "सर, माझ्यात काय कमी हाय?" मी काय सांगणार होतो? एका हवालदिल माणसाने गाडीत सांगितलेली गोष्ट, आणि तिच्याविरुद्ध डॉक्टरांचा शब्द. मी म्हणालो, "काही कमी नाही."

अकरावी होऊन तो मॅट्रिक झाला तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजने, त्याच्या दहावीतल्या खेळाची कीर्ती ऐकून, त्याच्याबद्दल शाळेकडे विचारणा केली. प्रवेश, वसतिगृह, आणि चांगला खेळला तर पुढे साखर कारखान्यात नोकरीची आशा. त्यासोबत एक छापील कागद होता. हेडमास्तर म्हणाले, "सुभेदारांना विचारू नका, ते काहीतरी वाकडं लिहितील. तुमची भाषा चांगली आहे, तुम्हीच भरा. मी सही करतो." मी तरीही सुभेदारांकडे गेलो. ते म्हणाले, "लिवा, पोरगा हुशार हाय, शिकवा, पर खेळवू नका." मी घरी आलो. कागदावर 'प्रकृती' असा एक रकाना होता. माझ्यासमोर त्याची आई होती, तो चहा होता, ते उघडे माळ होते. आणि सुभेदारांचं भय मला अडाण्याचं भय वाटत होतं, हेही खरं. मी बराच वेळ नेमका शब्द शोधला आणि लिहिलं, 'निकोप'.

सांगलीत त्याचा एक सामना मी पाहिला. काय खेळला तो! परत आल्यावर मी सुभेदारांना मुद्दाम सांगायला गेलो. माझ्या आवाजात विजय असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खेळ थांबल्यावर हात कुठं ठेवत हुता? कमरंवर का छातीवर?" मी आठवून बघितलं. मग खोटं बोललो, "कमरेवर."

गेल्या संक्रांतीला हणमंत तिळगूळ द्यायला आला होता. उंबऱ्याशी वाकून आत आला, नेहमीसारखाच. बसताना पाठ जपत होता. मी विचारलं तर म्हणाला, "खांद्यांच्या पंख्यांमधी दुखतंय जरा. उचलाउचली लय करून घेत्यात." मी त्याला तेल चोळायला सांगितलं. जाताना तो म्हणाला, "सुभेदार भेटत्यात का कवा? मी गेलो तर बोलतील का?" मी म्हणालो, "जा की." तो गेला नाही. सुभेदारही त्याच्याकडे गेले नाहीत.

बातमी आल्यावर चौथ्या दिवशी मी सुभेदारांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी कागदाचं सगळं सांगितलं, तो शब्दही सांगितला.  ते म्हणाले, "म्हंजे तुमचा कागद हेडमास्तरांनी बदलला समजून दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो न्हाई ते उगंच?"

"त्यांनी फक्त सही केली होती."

"मग त्यांची माफी मी मागीन. तुमी लोकास्नी सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. सुभेदारांचं तोंड हणमंताला लागलं नाही. त्यांनी पहिल्यांदा चुकीचं पारखलं, दुसऱ्यांदा बरोबर, आणि ती दुसरी पारख मी खोडून टाकली.

गेल्या आठवड्यात शाळा सुरू झाली. हणमंताची आई धाकट्याला, तानाजीला, आठवीत घालायला घेऊन आली. मी तिलाही सगळं सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आता ह्येला तरी बगा, गुरुजी. त्या सुभेदारांना बी दावा. मी कुठं नेऊ, मला काय कळतंय?" सोमवारी सकाळच्या गाडीने सुभेदार आणि मी तानाजीला मिरजेच्या दवाखान्यात नेणार आहोत.

काल त्याची ट्रंक ठेवायला मी आणि सुभेदार बोर्डिंगात गेलो. कोपऱ्यातल्या हणमंताच्या जुन्या लोखंडी खाटेच्या पायथ्याशी अजून एक लाकडी बाक लावलेलं आहे. हणमंताचे पाय बाहेर लोंबत म्हणून त्यानेच कधीतरी ते ओढून आणलं होतं आणि मागच्या दोन वर्षांत कोणी हलवलं नव्हतं. रेक्टर म्हणाले, "आता काढतो हे, जागा अडते." तानाजी प्रवासाने दमला होता. तो खाटेवर आडवा झाला, उशीवर डोकं टेकलं, पाय सरळ केले. त्याच्या टाचा बाकावर टेकल्या.

सुभेदार रेक्टरांना म्हणाले, "राहू द्या."